नोकरीची मुलाखत : काही व्यवहाराच्या गोष्टी

नोकरी कशी मिळवावी हा विषय कामगार संघटनेच्या माणसाकडे सोपवावा, हे पुष्कळांना थोडे उलटे वाटेल. आमचे काम नोकरी लागल्यानंतर सुरू होते अशी समजूत आहे. पगारवाढ, बोनस, निलंबन, खात्यांतर्गत चौकशी हा आमचा प्रांत. परंतु आय.टी.आय.च्या परीक्षा आटोपल्या की संघटनेच्या कचेरीत गर्दी होते ती सभासदांच्या मुलामुलींची. कोणास चाकणला बोलावणे आलेले असते, कोणास रांजणगावला, कोणास वाळूजला. बाप बरोबर असतो, तो दारातूनच म्हणतो, "भाऊ, तेथे कोणाची ओळख असली तर एक चिठ्ठी द्या." चिठ्ठी आम्ही देत नाही. आमची चिठ्ठी घेऊन गेला तर असलेली संधीही जावयाची, हा विनोदाचा भाग सोडून देऊ. चिठ्ठीऐवजी आम्ही त्या मुलास समोर बसवून तासभर बोलतो. त्या तासात जे बोलणे होते तेच येथे थोडे सविस्तर मांडावयाचे आहे.

आम्हांस या बाबतीत बोलण्याचा अधिकार एवढाच, की टेबलाच्या अलीकडच्या बाजूस बसण्यात आमचा जन्म गेला. पलीकडे व्यवस्थापक, त्यांचा वकील, हिशेबनीस, अलीकडे आम्ही. त्यांच्यापाशी गरजेपेक्षा अधिक कागद, आमच्यापाशी गरजेपेक्षा कमी. करार करावयास जाताना जी तयारी करावी लागते, तीच मुलाखतीस जाताना करावी लागते. फरक एवढा, की कराराच्या वेळी आमच्या मागे हजार माणसे उभी असतात आणि मुलाखतीस तो मुलगा एकटा असतो.

आरंभी थोडे मागे जाऊन पाहू, कारण मुलाखतीस शिव्या देणाऱ्यांना तिच्या आधी काय होते याची आठवण नसते. मुंबईच्या गिरण्यांत माणूस ठेवण्याचा अधिकार दीर्घ काळ जॉबरच्या हाती होता. सकाळी गिरणीच्या दारात माणसे उभी राहावयाची आणि जॉबर बोट दाखवील तो आत. ते बोट फुकट हलत नसे. कामास लावण्याबद्दल आणि लागलेले काम टिकविण्याबद्दल तो दस्तुरी घेई. ओळख, गाव, जात, नाते यांचा हिशेब वेगळाच. 1929 साली नेमलेल्या आणि 1931 साली अहवाल दिलेल्या व्हिटले आयोगाने या पद्धतीवर टीका केली व माणसे घेण्याचे काम जॉबरकडून काढून घ्यावे असे सुचविले. 1935 साली मुंबईच्या गिरणी मालकांनी बदली कामगारांच्या नोंदीची योजना सुरू केली. पुढे 1945 पासून सेवायोजन कार्यालये निघाली, आणि 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा तेथे कळविणे अनेक मालकांवर बंधनकारक झाले. दारातल्या बोटापासून टेबलावरच्या प्रश्नापर्यंत येण्यास इतकी वर्षे लागली. म्हणून मुलाखत ही मालकाची कृपा आहे असे आम्ही मानीत नाही. ती आपल्या मागच्या पिढ्यांनी अर्धीमुर्धी जिंकलेली जागा आहे.

अर्धीमुर्धी असे म्हणण्यास कारण आहे. जॉबरचे बोट गेले तरी त्याची सावली मुलाखतीत शिरू शकते. लेखी परीक्षेचा पेपर पुन्हा तपासता येतो. बंद खोलीत दहा मिनिटांत पडलेले मत कसे तपासणार? सर्वोच्च न्यायालयास याची जाणीव झाली ती प्रवेशाच्या व नेमणुकीच्या खटल्यांतून. 1981 च्या अजय हासिया प्रकरणात श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा वाद होता. तेथे मुलाखतीस एकूण गुणांच्या एक-तृतीयांश गुण ठेवलेले, आणि मुलाखती उरकल्या जात दोन-तीन मिनिटांत. न्यायालयाने सांगितले, की 15 टक्क्यांहून अधिक गुण मुलाखतीस ठेवणे मनमानीचे होईल. 1985 साली हरियाणातील अशोक कुमार यादव प्रकरणात सरकारी सेवेच्या स्पर्धा-परीक्षेतील सर्वसाधारण उमेदवारांकरिता ही मर्यादा 12.2 टक्के सांगितली. पुढे 1 जानेवारी 2016 पासून केंद्र सरकारने आपल्याकडील क आणि ड गटांच्या, तसेच ब गटातील अराजपत्रित जागांच्या मुलाखतीच बंद केल्या. शिपायाच्या व कारकुनाच्या जागेकरिता माणसाचा चेहरा पाहून काय कळते, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाला.

खाजगी कारखान्यांना हा नियम लागू नाही, आणि आमची मुले जातात ती बहुतेक तेथेच. तेव्हा मुलाखत द्यावयाची आहे असे धरून चालू.

प्रथम, पलीकडे बसलेल्या माणसाचा विचार करावा. आमच्या मुलांना वाटते की तो न्यायाधीश आहे. तो न्यायाधीश नसतो. त्याच्या डोक्यावर एक काम असते : अमुक तारखेच्या आत अमुक पाळीकरिता इतकी माणसे भरावयाची. भरलेला माणूस पंधरा दिवसांत पळाला तर त्याला वर जाब द्यावा लागतो. म्हणून त्याच्या मनात भीती तीन : हा रोज वेळेवर येईल काय, आला तर टिकेल काय, आणि यंत्रावर उभा केला तर स्वतःचा हात किंवा यंत्र मोडून घेईल काय. तो प्रश्न शंभर विचारील, कधी इंग्रजीत, कधी हसत, कधी दरडावून. पण घोळून फिरून ते या तीन भीतींपाशीच येतात. "कोठे राहता?" याचा अर्थ, पहिल्या पाळीला सहा-सातच्या सुमारास हजर होशील काय. "पुढे डिप्लोमा करावयाचा विचार आहे काय?" याचा अर्थ, दोन वर्षांनी सोडून जाणार काय. प्रश्नामागचा प्रश्न ओळखला म्हणजे उत्तर आपोआप नेमके होते. "राहतो खेडला, पण कंपनीची गाडी ज्या नाक्यावर येते तेथून दहा मिनिटांवर. काल येऊन वेळ पाहून गेलो." एवढे उत्तर पुरे. पत्ता सांगून गप्प बसणारा आणि हे सांगणारा, या दोघांत निवड करावयास कोणत्याही शास्त्राची गरज नाही.

आता कामाचे ज्ञान. या बाबतीत आम्ही थोडे कठोर आहोत. आमच्या चळवळीत वावरलेल्या घरांतून एक सोपे बोलणे ऐकू येते, की सगळे वशिल्यावर चालते, शिकून काय उपयोग. वशिला आहे, आम्ही नाकारीत नाही. पण ज्या जागा वशिल्याशिवाय भरल्या जातात त्याही आमच्या मुलांच्या हातून जातात, आणि त्या अज्ञानाने जातात. दोन वर्षे फिटरचा कोर्स केलेल्या मुलास व्हर्नियर कॅलिपरचे लघुत्तम माप कसे काढतात हे सांगता येत नाही, तो "0.02" एवढे पाठ म्हणतो. का, असे विचारले की थांबतो. मुख्य पट्टीवरच्या 49 मिलिमीटरांत व्हर्नियरचे 50 भाग बसविलेले आहेत. म्हणजे व्हर्नियरचा एक भाग 0.98 मिलिमीटरचा, मुख्य पट्टीचा भाग 1 मिलिमीटरचा, दोहोंतला फरक 0.02. तिसरी-चौथीच्या वजाबाकीची गोष्ट आहे. मायक्रोमीटरचेही तसेच : स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा, थिंबलवर 50 रेघा, म्हणून एका रेघेस 0.01 मिलिमीटर. एम-10 च्या नटास आटे पाडावयाचे तर भोक कितीचे घ्यावे? आटा दीड मिलिमीटरचा, दहातून दीड वजा, साडेआठ. इलेक्ट्रिशियनच्या मुलास स्टार-डेल्टा स्टार्टर का लावतात असे विचारतात. "मोटर चालू करण्यासाठी" हे उत्तर नव्हे. मोटर चालू होताना ओढते तो प्रवाह स्टार जोडणीत डेल्टाच्या एक-तृतीयांश होतो, म्हणून सुरुवात स्टारमध्ये आणि गती आल्यावर डेल्टा. हे उत्तर आहे. जेथे जावयाचे त्या कारखान्यात काय तयार होते हे आदल्या दिवशी कळून घ्यावे, आणि आपल्या धंद्यातील ज्या वीस-पंचवीस गोष्टींचा तेथे संबंध येईल तेवढ्या 'का' पर्यंत पक्क्या कराव्या. सबंध पुस्तक घोकू नये.

याहून मोठी गोष्ट हाताची आहे. अनेक ठिकाणी तोंडी प्रश्नांबरोबर प्रत्यक्ष कामही देतात. हातात व्हर्नियर आल्याबरोबर जो मुलगा लगेच माप घेऊ लागतो तो एक. आणि जो प्रथम जबडे पुसतो, ते मिटवून शून्याशी शून्य जुळते की नाही हे पाहतो, मग जॉबवरची बरी काढून माप घेतो तो दुसरा. दुसऱ्याची निम्मी मुलाखत तेथेच संपली, कारण पाहणारा जर कामातून वर आलेला असेल तर त्याला पुढचे विचारण्याची गरज वाटत नाही. ग्राइंडरपाशी नेले तर चष्मा मागून घ्यावा. नाही असे म्हणाले तरी मागावा. बाही सैल असेल तर दुमडावी, लेथपाशी हातमोजे घालू नयेत, मनगटातला दोरा-कडे काढून खिशात ठेवावे. ही नाटके नव्हेत. बोटे गमावलेली माणसे आम्ही इतकी पाहिली आहेत, की या सवयी मुलाखतीकरिता का होईना लागल्या तर आम्हांस आनंदच आहे.

जे येत नाही ते येत नाही असे म्हणावे. मात्र तेथे थांबू नये. जवळचे जे येते ते जोडावे. "सी.एन.सी.वर स्वतः प्रोग्राम केलेला नाही. चालू प्रोग्रामवर जॉब लावणे, माप तपासणे, ऑफसेट देणे केले आहे." खोटे बोललेले टेबलावर टिकत नाही. पुढचा एकच प्रश्न ते उघडे करतो, आणि मग आधीची खरी उत्तरेही खोटी ठरतात. वाटाघाटीत आमचा हाच अनुभव आहे : एक आकडा चुकीचा सापडला की उरलेले दहा बरोबर आकडे कोणी पाहत नाही.

"स्वतःविषयी सांगा" या पहिल्याच प्रश्नाने पुष्कळांची गाडी घसरते. नाव, गाव, आईबाप, भावंडे, छंद क्रिकेट, असे पाठ केलेले भाषण सुरू होते. विचारणाऱ्याने ते सकाळपासून तीस वेळा ऐकलेले असते. दीड मिनिटात तीन गोष्टी सांगाव्या : काय शिकलो, हाताने काय केले, आणि या जागेस का आलो. हाताने काय केले यात शेतावरच्या पंपाची दुरुस्ती, काकाच्या गॅरेजमधले दोन उन्हाळे, गणपतीच्या मांडवाचे वायरिंग हे सर्व मोडते. आमच्या मुलांना वाटते की दाखला असलेलेच काम हे काम. नांगराचा फाळ वेल्ड करून पाहिलेला मुलगा वेल्डिंगविषयी जे बोलेल ते पुस्तक वाचलेला बोलू शकणार नाही. मधली दोन वर्षे रिकामी गेली असतील तर तीही सरळ सांगावी. "वडील आजारी होते, शेत मी पाहिले" यात लपविण्यासारखे काय आहे? लपविले म्हणजेच संशय.

इंग्रजीची भीती फार असते. ज्या कामास इंग्रजी लागते तेथे ते शिकावयास हवे. यात सवलत नाही. परंतु टर्नरच्या जागेकरिता प्रश्न इंग्रजीत आला आणि समजला, तर "उत्तर मराठीत दिले तर चालेल काय?" असे विचारण्यात कमीपणा नाही. बहुधा चालते. मोडक्या इंग्रजीत अर्धवट बोलण्यापेक्षा नेमक्या मराठीत पुरते बोललेले बरे. यंत्राची, मापांची, हत्यारांची नावे तरी सगळीकडे तीच आहेत.

कपड्यांविषयी लोक फार बोलतात. आम्ही एक वाक्य बोलतो. धुतलेला, इस्त्री केलेला साधा सदरा, बंद बूट, कापलेली नखे. उसने घेतलेले जाकीट अंगावर परके दिसते.

कागदांविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे, कारण तेथे खरी माणसे अडतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, आय.टी.आय.चे प्रमाणपत्र, शिकाऊ उमेदवारी केली असल्यास तिचे प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँकेचे पासबुक. मूळ प्रती एका पिशवीत, नकला दुसऱ्या. आदल्या आठवड्यात हे सारे कागद जमिनीवर ओळीने मांडावे आणि प्रत्येकावरचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. एका कागदावर बापाचे नाव ज्ञानोबा, दुसऱ्यावर ज्ञानेश्वर. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. लग्न झालेल्या मुलीचे निम्मे कागद माहेरचे. निवड झाल्यानंतर या कारणाने नेमणूक महिनोन् महिने लोंबकळलेली आम्ही पाहिली आहे. प्रतिज्ञापत्र करणे, राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करणे यांस वेळ लागतो. तो निवडीच्या आधी काढावा.

येथवरच्या गोष्टी कष्टाच्या आहेत, पण सोप्या आहेत. आता अवघड प्रश्नांकडे येऊ.

"घरी कोण काय करतात?" हा प्रश्न साधा दिसतो. 2007 साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांत नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून एक अभ्यास प्रसिद्ध केला. ते अधिकारी गुणवत्तेवाचून काही पाहत नाही असे सांगत, आणि त्याच श्वासात कौटुंबिक पार्श्वभूमी पाहतो असेही सांगत. बाप शिकलेला आहे काय, घर कोठे आहे, यावरून मुलाचे संस्कार कळतात असा त्यांचा समज. त्याच वर्षी आपल्या अमरावतीकडचे अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी दुसरा अभ्यास मांडला. वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठविले, नावे तेवढी वेगळी. दलित नावाच्या अर्जास पुढील बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली. मुसलमान नावाची त्याहूनही कमी. मुलाखतीच्या खोलीत पाय टाकण्यापूर्वीच काही मुले एवढी मागे असतात. हे ठाऊक असल्याशिवाय मुलाखतीच्या तयारीविषयी बोलणे म्हणजे पायात काटा असलेल्यास पळण्याचे तंत्र शिकविणे होय.

सरकारी नोकरीत घटनेचे 16 वे कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांनी भेद करण्यास मनाई करते. खाजगी मालकावर ते थेट चालत नाही. मग त्या मुलाने काय करावे? आमचे मत असे, की प्रश्न टाळू नये आणि त्यात रमूही नये. आई बांधकामावर बिगारी असेल तर तसे स्वच्छ सांगावे : "आई बांधकामावर काम करते. तिच्या पैशावर मी आय.टी.आय. केले." मान खाली घालून सांगितलेले आणि मान वर करून सांगितलेले हे एकच वाक्य दोन वेगळी वाक्ये होतात. पुढे प्रश्न जातीपर्यंत गेलाच, तर "या कामाशी त्याचा संबंध कसा येतो, हे कळले तर सांगतो" असे शांतपणे म्हणावे. असे म्हणून नोकरी गेलेली उदाहरणे असतील. नोकरीची गरज किती आहे हे त्या मुलास ठाऊक असते, आम्हांस नव्हे. म्हणून या ठिकाणी आम्ही सल्ला देतो, सक्ती करीत नाही.

मुलींना विचारतात : लग्न कधी करणार, झाले असेल तर मूल कधी. 1991 साली सर्वोच्च न्यायालयापुढे नीरा माथूर यांचे प्रकरण आले. एका सरकारी संस्थेने नेमणुकीच्या वेळी स्त्री-उमेदवाराकडून भरून घेतलेल्या प्रतिज्ञापत्रात मासिक पाळी आणि गरोदरपण यांविषयीचे रकाने होते. न्यायालयाने ते रकाने लज्जास्पद ठरविले, काढून टाकण्यास सांगितले आणि त्या बाईंना कामावर परत घेण्याचा हुकूम दिला. भरतीत स्त्री म्हणून भेद करू नये हे 1976 च्या समान वेतन कायद्यात होते. आता तेच वेतन संहितेत आहे, जी 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. कायदा बाजूस आहे, पण खोलीत कायदा बोलत नाही, मुलगी बोलते. आम्ही मुलींना सांगतो, की उत्तर कामाच्या भाषेत द्यावे : "पाळी आणि हजेरी यांबाबत कंपनीचा नियम असेल तो मी पाळीन." लग्नाविषयी एक अक्षर न बोलता विचारणाऱ्याच्या भीतीस उत्तर मिळते. आणि रात्रपाळीविषयी आपण उलट विचारावे : गाडी दारापर्यंत सोडते काय, पाळीवर आणखी किती बायका असतात. हे विचारणारी मुलगी त्रासदायक ठरेल असे कोणी म्हणेल. आम्हांस ती व्यवहारी वाटते.

शेवटचा अवघड प्रश्न आमच्यामुळेच निघतो : "युनियनविषयी तुमचे मत काय?" कधी तो असा येतो : "तुमचे वडील संपात होते ना?" येथे मुलाचा चेहरा उतरतो, कारण बापास नाकारावे तर घरी तोंड दाखविता येत नाही आणि स्वीकारावे तर नोकरी जाते. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमाने दिलेला आहे. तेव्हा त्यात गुन्हा कबूल करण्यासारखे काही नाही. परंतु मुलाखत ही त्या हक्कावर व्याख्यान देण्याची जागाही नव्हे. "वडील होते. त्यांनी तीस वर्षे एकाच कारखान्यात काम केले आणि शेवटपर्यंत हजेरी चोख ठेवली. मी अजून कोठे लागलेलो नाही. काम शिकण्यास आलो आहे." यात असत्य एक अक्षर नाही, बाप जसाचा तसा उभा आहे, आणि विचारणाऱ्याच्या हाती धरावयास काही लागत नाही.

पगाराची गोष्ट निघाली की आमची मुले एकदम मोठी होतात, म्हणजे काही विचारीतच नाहीत. तोंडी सांगितलेला आकडा म्हणजे हाती येणारी रक्कम, असे धरून ती घरी जातात. समजा, मूळ वेतन व महागाई मिळून 13,000 आणि घरभाडे वगैरे 3,000 आहेत, एकूण 16,000. आता मालक आपल्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी 12 टक्क्यांनी 1,560 यात मिळवितो, ग्रॅच्युइटीची तरतूद महिना 625, बोनस 8.33 टक्क्यांनी 1,083. झाले 19,268. मुलास सांगतात, "कंपनी तुमच्यावर महिना एकोणीस हजारांच्या वर खर्च करणार." हा आकडा खोटा नाही. मग पगाराच्या दिवशी 16,000 मधून मुलाच्या वाट्याचे 1,560 आणि व्यवसाय कराचे 200 वजा होऊन हाती 14,240 येतात. राज्य विमा, उपाहारगृह, गाडी यांची कपात असल्यास त्याहून कमी. पाच हजारांच्या या दरीत पुष्कळ मुलांच्या खोलीचे भाडे बुडालेले आहे. म्हणून एकच प्रश्न नम्रपणे विचारावा : "सर्व कपात होऊन महिन्यास हाती किती येतील?" आणि मिळालेला आकडा त्यांच्यासमोर कागदावर लिहून घ्यावा.

त्याबरोबर आणखी एक विचारावे, आणि आमच्या मते हा सबंध मुलाखतीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे : नेमणूकपत्रावर नाव कोणाचे असेल? फाटकावर पाटी एका कंपनीची, मुलाखत घेणारा ठेकेदाराचा, आणि पत्र तिसऱ्याच्या नावाचे, असे सर्रास घडते. तसेच आपणांस घेतात ते कामगार म्हणून, ठराविक मुदतीवर, की शिकाऊ म्हणून? 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे असे स्वच्छ लिहिलेले आहे. त्याला मिळते ते विद्यावेतन. शिकाऊ म्हणून जाण्यात वाईट काही नाही, पुष्कळ चांगले हात तेथेच तयार झाले. पण आपण शिकाऊ आहोत हे आठ महिन्यांनी कळू नये.

नोकरीकरिता पैसे मागणारा, मग तो अनामत म्हणो, गणवेशाचे म्हणो की प्रशिक्षणाचे, त्यास एक पैसा देऊ नये. मोबाइलवर शिक्क्यासह आलेल्या पत्रावर विश्वास ठेवून गाई विकलेली घरे आम्हांस ठाऊक आहेत. पत्र आले तर कारखान्याच्या फाटकावर स्वतः जाऊन विचारावे.

निवड झाली नाही तर? 1915 साली वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहा विक्री-व्यवस्थापकांकडून 36 उमेदवारांची पारख वेगवेगळी करवून घेतली. 28 उमेदवारांच्या बाबतीत हा वरच्या निम्म्यात घालावा की खालच्या, यावरही त्या सहांचे एकमत होईना. सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले आणि प्रत्यक्ष काम करून पाहिले तर पारख सुधारते, हे पुढील संशोधनाने दाखविले. पण तसे करणारे अजून थोडे. तेव्हा एका खोलीतून मिळालेला नकार हे त्या खोलीचे त्या दिवशीचे मत समजावे. बाहेर आल्याबरोबर, चहा घेण्यापूर्वी, विचारलेले सर्व प्रश्न वहीत उतरून काढावे. आमच्या कचेरीत अशी एक जाड वही झाली आहे. एक मुलगा लिहून जातो, दुसरा वाचून जातो. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशी तिची पाने वेगळी केली आहेत. एकाच कारखान्याचे प्रश्न दोन वर्षांत फारसे बदलत नाहीत, हे त्या वहीवरून आम्हांस कळले.

आणि निवड झाली, तर सहीचा दिवस उरतो. त्या दिवशी पुढ्यात कागदांचा गठ्ठा येतो आणि "येथे, येथे आणि येथे" असे बोट फिरते. नोव्हेंबर 2025 पासून नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा ते मागण्यात उपकार मागितल्यासारखे काही नाही. पद, वेतन, रुजू होण्याची तारीख, परीक्षाकाल, मुदत असल्यास मुदत, या पाच गोष्टी त्यात आहेत काय ते पाहावे. गठ्ठ्यात कोरा कागद किंवा तारीख न घातलेला राजीनामा निघाला तर सही न करता "हा घरी वाचून उद्या आणतो" असे म्हणावे. आणि ज्यावर सही केली त्या प्रत्येक पानाचे छायाचित्र उठण्यापूर्वी तेथेच मोबाइलवर काढून घ्यावे. मागून मिळालेली नक्कल नेहमीच त्या पानाची असते असे नाही.